सासूबाईंचं बेळगाव

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासूबाईंनी एस.टी.ची पायरी चढणं सोडलं. पण “एकदा बेळगाव दाखव गं,” हे पालुपद काही सोडलं नाही. त्यांचं बालपण शहापुरातलं. यंदा मे महिन्यात ह्यांना रजा मिळेना, माझी अर्धवेळची शाळा मात्र बंद होती. म्हटलं, ड्रायव्हरसह गाडी ठरवू आणि आपण दोघीच जाऊ.

साताऱ्याहून बेळगाव सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. मी फोनवर दर विचारला, दोन दिवसांचं ठरवलं आणि मोकळी झाले. इथेच चुकले! पण ते पुढे सांगते.

बेळगाव म्हणजे सरमिसळ झालेलं गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठी बोलणारं हे गाव कानडी मुलखात गेलं. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पाट्या कानडी, तर गल्लीतली हाक मराठी. भुईकोट किल्ल्यात शिरलं की तेराव्या शतकाच्या आरंभीची जैनांची कमल बस्ती दिसते. तिच्या छताला दगडी कमळ आहे. जवळच सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. कॅम्पात जुनं चर्च आणि मिलिटरी महादेवाचं देऊळ. गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते १९२४ चं अधिवेशन इथलंच. आपल्या इंदिरा संतही इथल्याच. खडेबाजारातून कुंदा आणि मांडे घेतल्याशिवाय मात्र निघू नका.

शहापुरात सासूबाईंचं घर उरलेलं नाही, तिथे आता तीन मजली इमारत आहे. त्या बघतच राहिल्या. इतक्यात समोरच्या ओट्यावरून कुणी तरी विचारलं, “ऊटा आयता?” जेवण झालं का? ती त्यांची लहानपणची कानडी मैत्रीण! मग काय, अर्धं कानडी, अर्धं मराठी. पन्नास वर्षांत सासूबाईंच्या तोंडून मी कानडीचा शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी त्या थांबेचनात. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं, ते सव्वासात झाले.

वाटेत जेवून घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा. बिलात तीन दिवसांचं भाडं! बारा वाजून गेले की नवा दिवस धरतात म्हणे. किलोमीटरही गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजलेले. भांडून उपयोग नव्हता, कागदावर काहीच नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, गाडी ठरवताना एवढं विचारून, लिहून घ्या:

• दिवस चोवीस तासांचा की तारखेचा?
• रोजचे किमान किलोमीटर किती, आणि मोजणी कुठून?
• टोल, पार्किंग, परराज्याचं परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलाय का?
• नंबरप्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची आहे ना? पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका.
• ड्रायव्हरच्या झोपेची सोय काय? रात्री परतायचं असेल तर त्याला दुपारी झोपू द्या.

निघण्यापूर्वी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन घरी देऊन ठेवा. १ नोव्हेंबरला आणि डिसेंबरात तिथे विधानसभेचं अधिवेशन असतं तेव्हा सीमेवर वातावरण तापलेलं असतं, कधी कधी बसगाड्याही थांबतात. ते दिवस टाळलेलेच बरे.

ज्यादा भाड्याचं ह्यांना कसं सांगावं, या विचारात मी सकाळी चहा ठेवला. सासूबाई आल्या, चंचीतून घडी केलेल्या नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. “तिसरा दिवस माझा गं,” म्हणाल्या, “त्याचे पैसे मी देणार.”

मी ते घेतले नाहीत. पण पुढच्या वेळी तीनच दिवसांची गाडी ठरवणार आहे, आणि तीही कागदावर!