सैन्यातून निवृत्त, जंगलात रुजू

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी ईशापूर हे कारखान्यांचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे तोफांची दारू बनू लागली आणि १९०४ मध्ये त्याच जागेत रायफलींचा कारखाना उभा राहिला. दोन्ही महायुद्धांत हिंदी जवानांच्या खांद्यावर असलेल्या असंख्य ‘थ्री-नॉट-थ्री’ याच कारखान्यातल्या. पण ईशापूरची एक रायफल अशीही आहे, की जिची चर्चा आज भारतापेक्षा अमेरिकेत अधिक होते. तिथले शिकारी ती मोठ्या हौसेने विकत घेतात, महिनोन् महिने तिच्यावर खपतात आणि नोव्हेंबरच्या थंडीत तीच खांद्यावर टाकून हरणाच्या शिकारीला निघतात.

तिचे नाव ‘२ए१’. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर आपल्या सैन्याला ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाच्या रायफली तातडीने हव्या होत्या. स्वयंचलित रायफली पुरेशा संख्येने हाती यायला वेळ लागणार, हे उघड होते. तेव्हा ईशापूरच्या कारागिरांनी ओळखीचा जुना ‘ली-एनफिल्ड’ आराखडाच पुढे घेतला. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलाद अधिक कणखर निवडले. काडतूस बिनकाठाचे, म्हणून ते ओढून काढणारा आकडा बदलला आणि बारा गोळ्यांचे चौकोनी मॅगझिन बसवले. लष्करासाठी आखल्या गेलेल्या अगदी अखेरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींपैकी ही एक. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुन्हा पुढे ढकलायचा, असा तिचा संथ कारभार.

सैन्याने पुढे ती बाजूला ठेवली. १९९० च्या सुमारास आणि त्यानंतर तिचे गठ्ठेच्या गठ्ठे अमेरिकेत पोचले आणि तिथे ती शंभर डॉलरच्या आसपास मिळू लागली. नव्या शिकारी रायफलीच्या मानाने ही किंमत किरकोळच. साहजिकच मोटारीच्या गॅरेजमधल्या बाकावर ती दिसू लागली.

आता जुनी वस्तू घरी आली, की माणसाचा पहिला ओढा तिला चकाकी आणण्याकडे असतो. जुने कपाट घेतले, की आपण आधी पॉलिशवाल्याला बोलावतो, आत वाळवी आहे का ते मागाहून पाहतो. कपाटाच्या बाबतीत हे चालून जाते. रायफलीच्या बाबतीत मात्र डोळा किंवा हात जाऊ शकतो.

म्हणून जाणकार कारागीर पॉलिशचा कागद हातात घेत नाही. आधी तो चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची दोनदा खात्री करतो, मग बोल्ट काढून त्यावरचा आकडा वाचतो. बोल्टवर आणि रायफलीच्या अंगावर एकच क्रमांक असायला हवा, कारण कारखान्यात ही जोडी एकमेकांना घासूनपुसून बसवलेली असते. निवृत्त रायफलींच्या ढिगात बोल्ट इकडचे तिकडे झालेले असतात. वेगळा बोल्ट बसतो, फिरतो, ‘खट्’ असा आवाजही करतो. पण त्यामागे किती फट राहिली आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

केसभर फटीचा प्रश्न

या फटीच्या हिशेबाला ‘हेडस्पेस’ म्हणतात. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या बुडामागे बोल्टचे तोंड अगदी टेकलेले असावे लागते. प्रेशर कुकरचे झाकण नीट बसलेले नसेल, तर काय होते हे गृहिणींना सांगायला नको. इथला दाब त्याच्या कित्येक पट असतो. फट जास्त झाली, तर पितळी टोपण ताणले जाते, बुडाजवळ फाटते आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे झेपावतो. ही फट पोलादी मापांनी तपासतात. एका मापावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. मापे महाग नाहीत, तरीही अनेक हौशी मंडळी ती घेत नाहीत, याचे नवल वाटते.

त्यातच आणखी एक घोळ. अमेरिकेत दुकानात मिळणारे ‘.३०८’ हे शिकारी काडतूस आणि लष्कराचे ७.६२ ही दिसायला जुळी भावंडे आहेत. मात्र लष्करी चेंबर थोडा ऐसपैस असतो आणि शिकारी काडतुसे काही वेळा अधिक जोरकस असतात. ईशापूरच्या रायफलीत .३०८ चालवावे की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झडत आहेत. सावध माणूस सौम्य काडतुसे वापरतो आणि वापरलेले टोपण फेकण्यापूर्वी न्याहाळतो. बुडाशी चकाकती कडी दिसली, तर ती रायफल तो पुन्हा चालवत नाही.

ढिगात काही रायफलींवर ‘डीपी’ ही अक्षरे कोरलेली सापडतात. या केवळ कवायतीच्या. त्या उडवण्याच्या लायकीच्या राहिलेल्या नसतात. मग त्यांचे लाकूड कितीही सुरेख असो.

यानंतर नळी. लष्करात नळी साफ करायला दोरीला चिंधी बांधून ती आरपार ओढत. घाईतला जवान दोरी तिरकी ओढतो आणि वर्षानुवर्षे तसे झाले, की नळीच्या तोंडाशी एका बाजूला खाच पडते. आतल्या चऱ्या लखलखीत असूनही नेम चुकतो, तो या खाचेपायी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे नळीत मीठ उरते. ते हवेतला ओलावा खेचते आणि गंज धरते. तेलाने ते जात नाही. कढत पाण्यानेच विरघळते. हे गुपित जुन्या हवालदारांना ठाऊक होते.

लाकडाची नस

लाकडाकडे वळल्यावर खरी गंमत सुरू होते आणि खरे नुकसानही इथेच होते. या घराण्यातल्या रायफलींचा लाकडी भाग दोन तुकड्यांचा असतो: मागे खांद्याला टेकणारा दस्ता आणि पुढे नळीखालचे लांब लाकूड. दस्ता आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो आणि त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकते. नवशिक्या सरळ लांब पेचकस घालून दस्ता सोडवू पाहतो. ते चौकोनी टोक फिरते आणि पुढचे लाकूड कडकन् फाटते. आधी पुढचे लाकूड उतरवायचे आणि मगच दस्ता, हा क्रम ज्याला कुणी सांगितला नाही त्याचे एक लाकूड वाया गेलेच म्हणून समजा.

लाकूड फाटण्याची ही खोड ईशापूरच्या कारागिरांनाही ठाऊक होती. म्हणूनच मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू त्यांनी बसवला. परदेशातले संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. बंगालमधल्या कुण्या अनाम मिस्त्रीच्या व्यवहारी शहाणपणाला मिळालेली ही दाद म्हणायची.

पुढचे लाकूड नुसते शोभेचे नसते. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का लाकडातले दोन छोटे खांदे झेलतात, तर टोकाशी असलेली एक स्प्रिंग नळीला हलकेच वर रेटून धरते. नळी सगळीकडे कशी टेकते, यावर नेम अवलंबून असतो. तेल पिऊन ते खांदे मऊ झाले, की दर गोळीला रायफल वेगळी बसते आणि गोळ्या कागदभर विखुरतात. मग कारागीर लोखंडाला काजळी फासून रायफल लाकडात बसवतो, पुन्हा काढतो आणि काळा ठसा कुठे उमटला ते पाहतो. ठसा उमटला नसेल तिथे कठीण लाकडाचा वा पितळेचा बारीक तुकडा सरसाने बसवायचा, पुन्हा काजळी, पुन्हा ठसा. अशा कामात एखादा आठवडा सहज जातो.

हे समजले, की एका जुन्या फॅशनचे दुष्परिणाम आपोआप कळतात. रायफल ‘शिकारी’ दिसावी म्हणून पुढचे लाकूड अर्ध्यावर कापून टाकण्याची पद्धत अमेरिकेत फार होती. लाकूड कापले, की टोकाची ती स्प्रिंगही जाते आणि पुष्कळदा नेमही. वजन थोडे घटते खरे, पण कापलेली रायफल संग्राहक निम्म्या किमतीलाही घेत नाही. शंभर डॉलरची वस्तू म्हणून ज्यांनी करवत चालवली, त्यांना आज न कापलेल्या रायफलीचा भाव ऐकून हळहळ वाटते.

चकाकीचा क्रम सगळ्यांत शेवटी. दस्त्याला पोचे पडले असतील, तर ओला कपडा ठेवून वर गरम इस्त्री टेकवायची. वाफेने लाकूड फुगते आणि पोचा वर येतो. काचकागद जपूनच वापरावा, कारण त्याने लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जाते आणि कारखान्याचे ठसे, वर्ष, क्रमांक पुसले जातात. वर चोपडायचे ते तेल आपल्या घरातले: जवसाचे. बोटाने थोडे घ्यायचे, तळव्याच्या उबेने जिरवायचे, उरलेले पुसून दोन-तीन दिवस थांबायचे. असे अनेक थर. बाजारातल्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते खाण्याचे नव्हे. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. घरातले फर्निचर पुसणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. चिंध्या सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लोखंडाचा निळसर-काळा रंग म्हणजे खरे तर शिस्तीत आणलेला गंजच. जुन्या रीतीत पोलादावर मुद्दाम तांबूस गंज चढवतात, उकळत्या पाण्यात तो काळा होतो, मग तारेच्या मऊ ब्रशने घासतात आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-सात फेऱ्यांनंतर जो गहिरा रंग येतो, तो बाटलीतल्या झटपट रंगाने येत नाही. ते बाटलीतले औषध विषारीही असते.

आपल्याकडचे काय?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि आपल्याकडची शिकार संपली, हे योग्यच झाले. सैन्याच्या काडतुसाची रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणूनच ईशापूरने नागरी परवानेधारकांसाठी त्याच घराण्यातली ‘.३१५’ बनवली.

पण आजोबांची रायफल आजही अनेक घरांत कपाटावर असते. तिला तेल-पाणी करण्याचा मोह होत असेल, तर आधी कागद पाहावेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरालाच करता येते आणि नळी कापून आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. परवाना ज्यांच्या नावावर होता ते वारले असतील, तर वारसांनी रायफल आपल्या नावावर होण्याची वाट पाहत ती घरात ठेवू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करून पावती घ्यावी आणि मग जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्तालयात अर्ज द्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत, तेव्हा भावंडांनी आपसात आधीच ठरवलेले बरे. जमा करताना तिच्यावरचा क्रमांक आणि वर्ष वहीत उतरवून घ्यावे. पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.