विश्लेषण : लाल ठिपक्याएवढ्या पाणमाइटची प्रजाती ओळखतात कशी?

तळ्यातल्या पाणवनस्पतींमध्ये टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका पळताना दिसला, तर तो पाणमाइट असू शकतो. पिकावरच्या ‘लाल कोळी’ किडीचा हा आठपायी नातेवाईक. जगभरात त्याच्या ६,०००हून अधिक प्रजाती नोंदल्या आहेत.

रंगावरून का ओळखत नाहीत?

अनेक प्रजाती लालच असतात आणि अल्कोहोलमध्ये रंग उडतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाजवळच्या स्पर्शकाचे पाच खंड, पायांच्या मुळाशी असलेल्या पट्टिका आणि जननछिद्राजवळच्या चकत्या तपासतात. भारतातील प्रजातींवरचा डेव्हिड कुक यांचा मोठा ग्रंथ १९६७चा. नवा नमुना अशा जुन्या वर्णनांशी ताडून पाहावा लागतो.

पेच कुठे?

अळीला सहाच पाय असतात आणि ती डास, चतुर अशा कीटकांना चिकटून जगते. अनेकदा नर-मादीही वेगळे दिसतात. म्हणजे एकाच प्रजातीला दोन नावे पडण्याचा धोका. डीएनए तपासणीने तो टळतो. पण त्यासाठी नमुना तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. त्यात शरीर ताठरते. अवयव पाहायचे तर ग्लिसरीन, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाण्याचे मिश्रण बरे. म्हणून नमुने काठावरच दोन बाटल्यांत वाटले जातात.

नाव कशाला हवे?

अनेक पाणमाइट प्रदूषण सोसत नाहीत. ओढ्यात कोण होते याची नोंदच नसेल, तर कोण नाहीसे झाले हेही कळत नाही.