संकेतस्थळाची जडणघडण – लेखांक ६ : साइडबार आणि त्यातील मार्गदर्शक विजेट्स

गेल्या लेखांकात पानाचा शीर्षभाग आणि तेथील मुख्य मेनू यांचा विचार झाला. या लेखांकाचा विषय आहे पानाच्या बाजूचा उभा पट्टा, म्हणजे साइडबार, आणि त्यात बसवले जाणारे छोटे स्वतंत्र घटक, म्हणजे विजेट्स. गुगलच्या ब्लॉगर या सेवेत याच घटकांना गॅजेट म्हणतात. संकेतस्थळावर येणारा वाचक पुष्कळदा मुखपृष्ठावरून येतच नाही. शोधयंत्राने दाखवलेल्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून तो थेट एखाद्या लेखावर उतरतो आणि तो लेख वाचून संपला की या ठिकाणी आणखी काय आहे, हे त्याला त्याच पानावरून कळावे लागते. साइडबारचे मूळ प्रयोजन हेच आहे, आणि त्यात कोणते विजेट ठेवावे व कोणते वगळावे, याचा निर्णयही याच प्रयोजनाच्या आधारे व्हायला हवा.

विजेट्स कशी आली

वर्डप्रेस ही प्रणाली २००३ मध्ये सुरू झाली. विजेट्स येण्यापूर्वी तीत साइडबारमध्ये एखादा घटक वाढवायचा तर थीमची, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फायलींच्या संचाची, एक फाइल उघडून त्यात हाताने कोड लिहावा लागे. २००६ मध्ये विजेट्स ही सोय आधी प्लगइनच्या, म्हणजे जोडसाधनाच्या, रूपात आली आणि मे २००७ मधील २.२ या आवृत्तीपासून ती वर्डप्रेसचाच भाग झाली. ब्लॉगरनेही २००६ मध्ये ओढून-सोडून घटकांची मांडणी करण्याची पद्धत आणली. वर्डप्रेसच्या २०१० मधील ३.० या आवृत्तीने स्वतःचा मेनू तयार करून तो साइडबारमध्ये बसवण्याची सोय दिली, तर जुलै २०२१ मधील ५.८ या आवृत्तीपासून विजेट्सच्या जागी ब्लॉक, म्हणजे मजकूर, चित्र, यादी अशा प्रत्येक गोष्टीसाठीचा स्वतंत्र ठोकळा, वापरता येऊ लागला. या वाटचालीमुळे साइडबार रचणे कोड न जाणणाऱ्यालाही साधले, पण विजेट वाढवणे इतके सोपे झाले की ते का वाढवायचे, हा प्रश्न मागे पडला, आणि घड्याळ, पंचांग, भेटींचा आकडा व जाहिरात यांच्या गर्दीत खरी वाट दाखवणारी यादी दिसेनाशी होऊ लागली.

आधी वर्गीकरण, मग विजेट

मार्गदर्शक विजेट्स स्वतः काहीच ठरवत नाहीत. लेखांचे जे वर्गीकरण आधी झालेले असते, तेच ती वाचकासमोर मांडतात. म्हणून साइडबारचे काम विजेट्सच्या पडद्यावर सुरू होण्याआधी कागदावर सुरू व्हावे लागते. वर्डप्रेसमध्ये वर्गीकरणाच्या दोन पद्धती आहेत : कॅटेगरी, म्हणजे उतरंड असलेला विभाग, ज्याच्या पोटात उपविभाग असू शकतात, आणि टॅग, म्हणजे उतरंड नसलेली खूणचिठ्ठी, जी कोणत्याही विभागातल्या लेखाला लावता येते. ब्लॉगरमध्ये मात्र लेबल ही एकच पद्धत असून तिला उतरंड नाही.

महाराष्ट्रातील किल्ल्यांविषयीचे संकेतस्थळ घेतले तर हा भेद स्पष्ट होतो. गिरिदुर्ग, जलदुर्ग आणि भुईकोट हे त्याचे स्वाभाविक विभाग आहेत, कारण बहुतेक किल्ले यांपैकी एकाच प्रकारात बसतात : देवगिरी पहिल्यात, जंजिरा दुसऱ्यात, परांडा तिसऱ्यात. ‘तोफा’ हा विषय मात्र या सीमा ओलांडतो. जंजिऱ्याची कलालबांगडी आणि देवगिरीवरची मेंढा तोफ यांची माहिती शोधणाऱ्याला दोन्ही लेख एकत्र मिळायला हवेत, म्हणून ‘तोफा’ हा टॅग होतो. विभाग मोजके आणि दीर्घकाळ टिकणारे असावेत, तर एखाद्या टॅगखाली पुढे अनेक लेख येतील अशी खात्री असेल तेव्हाच तो निर्माण करावा. एकाच लेखाला चिकटलेल्या टॅगवर टिचकी मारल्यास वाचक ज्या लेखावरून आला त्याच लेखावर परत येतो.

कोणती विजेट्स आणि कोणत्या क्रमाने

वर्डप्रेसच्या पारंपरिक थीममध्ये ‘अपिअरन्स’ या विभागातील ‘विजेट्स’ हा पडदा उघडून, आणि ब्लॉगरमध्ये ‘लेआउट’ या पडद्यावर गॅजेट जोडून, हे घटक बसवता येतात. वर्डप्रेसच्या नव्या ब्लॉक थीममध्ये हा विजेट्सचा पडदा नसतो; तेथे संपूर्ण संकेतस्थळाच्या संपादकातून साच्यातच ब्लॉक ठेवावे लागतात.

सर्वांत वर शोधपेटी असावी, कारण नेमके काय हवे हे ठाऊक असलेल्या वाचकाला यादी चाळायला लावण्याचे प्रयोजन नाही. त्याखाली विभागांची यादी यावी. तिच्या मांडणीत उतरंड दाखवण्याचा आणि प्रत्येक विभागापुढे लेखसंख्या दाखवण्याचा असे दोन पर्याय असतात, आणि दोन्ही बहुधा उपयोगी ठरतात, कारण आत किती साहित्य आहे याचा अंदाज वाचकाला आधीच येतो. लेखमाला चालवणाऱ्या संकेतस्थळाने तिसऱ्या स्थानी हाताने तयार केलेला मेनू ठेवावा आणि त्यात लेखांक क्रमाने द्यावेत. आपोआप तयार होणाऱ्या याद्या सर्वांत नवा लेख आधी दाखवतात, तर लेखमाला पहिल्या लेखांकापासून वाचायची असते. काळानुसार लावलेला संग्रह, म्हणजे आर्काइव्ह, बातम्या वा दैनंदिनीसाठी महत्त्वाचा आहे. किल्ल्यांवरचा लेख कोणत्या महिन्यात लिहिला गेला यावरून तो कुणी शोधत नाही, म्हणून तेथे आर्काइव्ह उघडझाप होणाऱ्या यादीत आटोपशीर ठेवणे पुरेसे असते. टॅगचा ढग, म्हणजे अधिक वापरलेला टॅग मोठ्या अक्षरांत दाखवणारे विजेट, वर्डप्रेसमध्ये मुळात ४५ टॅग दाखवते. अरुंद पट्ट्यात इतके शब्द वाचणे कठीण असल्याने ही संख्या बरीच कमी करावी.

देवनागरीचे खास प्रश्न

मराठी संकेतस्थळाला काही अडचणी अधिकच्या येतात आणि त्या वेळीच ओळखल्या तर पुढचा त्रास वाचतो. पहिली अडचण पत्त्याची आहे. वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवताना यूटीएफ-८ या संकेतपद्धतीनुसार तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन रोमन चिन्हांत लिहिली जाते. म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हे होतात. काना, मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘महाराष्ट्र’ या एका शब्दातील दहा चिन्हांना नव्वद जागा लागतात. वर्डप्रेसमध्ये या नावासाठी २०० जागांची मर्यादा आहे, त्यामुळे साधारण बावीस चिन्हांनंतर नाव तुटते. विभागाचे दिसणारे नाव मराठीत ठेवून त्याचे पत्त्यातील छोटे नाव रोमन लिपीत, आटोपशीर, स्वतः भरणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

दुसरी अडचण एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांची. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आले, पण ‘अ’वर चंद्र देऊनही तेच रूप टंकता येते, डोळ्यांना फरक दिसत नसला तरी संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे ठरू शकतात आणि एकाच विषयाचे लेख दोन लेबलांत विभागले जातात. ‘पुस्तक परिचय’ आणि ‘पुस्तकपरिचय’ यांचेही तसेच होते. म्हणून लेबल दरवेळी नव्याने टंकू नये, आधीच्या यादीतून निवडावे.

तिसरी बाब दिसण्याची. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर साइडबारच्या यादीत अपुरे पडते. ते वाढवावे, आणि विभागांची नावे दोन-तीन शब्दांपलीकडे जाऊ देऊ नयेत.

मोबाइल आणि सुगम्यता

पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या रचनेची संकल्पना ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. या रचनेत मोबाइलवर बाजूला जागा उरत नसल्याने साइडबार बहुधा लेखाच्या खाली, प्रतिक्रियांच्याही पलीकडे सरकतो, म्हणून केवळ साइडबारवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. मुख्य विभाग वरच्या मेनूतही असावेत आणि लेखमालेतील मागचा व पुढचा लेखांक दाखवणारे दुवे लेखाच्या शेवटी द्यावेत. बाहेरच्या सर्व्हरवरून मजकूर आणणारी विजेट्स प्रत्येक पानाचा वेग कमी करतात आणि मंद जोडणी असलेल्या वाचकाला त्याचा भुर्दंड पडतो, म्हणून ती काढून टाकावीत.

दृष्टिहीन वाचक पडदावाचकाच्या, म्हणजे पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या, साहाय्याने पान ऐकतात. पट्टा डावीकडे दिसत असला तरी कोडमध्ये तो मुख्य लेखानंतर असावा, किंवा थेट लेखाकडे नेणारा दुवा सुरुवातीला द्यावा, म्हणजे प्रत्येक पानावर तीच यादी पुन्हा ऐकावी लागणार नाही. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पानापानावर येणाऱ्या मार्गदर्शक याद्यांचा क्रम सर्वत्र सारखा असावा, अशी अपेक्षा तिच्यात नोंदवलेली आहे.

ज्यांचे संकेतस्थळ आधीपासून चालू आहे, त्यांनी या आठवड्यात साइडबारमधील प्रत्येक विजेटविषयी एकच प्रश्न विचारावा : याच्यामुळे वाचक पुढच्या लेखापर्यंत पोहोचतो का? ज्याचे उत्तर नकारार्थी येईल, ते विजेट निःशंकपणे काढावे, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे काही भरण्याआधी विभागांची यादी पुन्हा एकदा तपासावी. पुढील लेखांकात पानाच्या तळभागाची रचना विचारात घेतली जाईल.