‘प्रमान’ आणि ‘प्रमाण’

मंडळी, आज आधी माझीच एक चूक सांगतो. तर्कशास्त्राच्या तासाला एक विद्यार्थी ‘प्रमान’ म्हणाला. त्याच्या घरच्या बोलीत पाणी म्हणजे ‘पानी’, लोणी म्हणजे ‘लोनी’. मी त्याला उभं करून तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा ‘प्रमान’. आणि चेहरा असा, की सर, तेच तर म्हणतोय! वर्ग हसला. मीही हसलो.

आता गंमत पाहा. तो काय म्हणतोय, हे मला क्षणभरही अडलं नव्हतं. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ध्वनी सलग येतात आणि कान ऐकता ऐकताच छाटणी करत जातो. ‘प्रमा’ एवढं ऐकलं की ‘प्रमाण’, ‘प्रमाद’ असे मोजकेच उमेदवार उरतात. पुढे अनुनासिक आलं की ‘प्रमाद’ बाद. शेवटच्या ध्वनीबरोबर शब्द निश्चित होतो, असं भर्तृहरी म्हणतो. आजचे प्रयोग सांगतात की पुष्कळदा तो त्याआधीच ओळखला जातो. ‘मन’ आणि ‘मण’ यांत मात्र सगळी भिस्त त्या एका ध्वनीवर. ज्या बोलीत ण-न एकच, तिथला श्रोता संदर्भावरून अर्थ लावतो.

पण कोणता फरक धरायचा नि कोणता सोडायचा, हे कानाला शिकवतं कोण? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक जाणवला. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. कान बिघडला नव्हता. घरच्या भाषेला नको असलेला फरक त्यानं सोडून दिला होता.

उलटही घडतं. जपानीत ब आणि झ जोडून येत नाहीत. १९९९ साली दुपू आणि सहकाऱ्यांनी ‘एब्झो’ ऐकवलं, तेव्हा जपानी श्रोत्यांना बहुधा ‘एबुझो’च ऐकू आलं. मधला ‘उ’ ध्वनिफितीत नव्हताच!

आणि मी काय करत होतो? ज्या फरकाकडे त्या मुलाचा कान लक्ष देत नव्हता, तोच आवाज चढवून शिकवत होतो. जीभ मागे वळवून टाळूला कुठे लावायची, एवढं दाखवलं असतं तरी काही साधलं असतं.

त्यानंतर वर्षभर तो माझ्या तासाला एक शब्द बोलला नाही.