कर्ज काढून बूट घ्यायचे का?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, पोरगं आठ हजारांचे बूट मागतंय. बचत गटातून कर्ज काढू का?" त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. 1600 मीटरचा सराव करता करता त्याला डोंगरवाटेने लांब पळायची गोडी लागली. आता सिंहगड, राजगड, तोरणा या वाटांवर होते तसल्या शर्यतीत त्याला उतरायचंय. शेजारी उभे असलेले एक काका लगेच म्हणाले, "जिंकणारे अनवाणीसुद्धा जिंकतात. बूट कशाला?"

दोघांनाही उत्तर द्यायला हवं, म्हणून हे लिहिते.

अनवाणी पळण्याचं काय?

काकांचं म्हणणं खोटं नाही. इथिओपियाचे अबेबे बिकिला 1960 साली रोमला अनवाणी धावून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकले. मेक्सिकोतल्या चिवावा राज्याच्या खोल दऱ्यांत रारामुरी आदिवासी राहतात. अमेरिकेतल्या लेडव्हिलची 100 मैलांची, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरची डोंगरी शर्यत 1993 साली त्यांच्यातल्या विक्टोरियानो चुरो यांनी पन्नाशी ओलांडल्यावर जिंकली. या लोकांच्या पायात टायरच्या रबराच्या चपला असतात. लोरेना रामिरेझ या रारामुरी मुलीने 2017 साली घागरा आणि चपलांवर 50 किलोमीटरच्या शर्यतीत महिलांमध्ये पहिला नंबर मारला.

पण हेच बिकिला 1964 साली टोकियोत बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले. ते फारसं कुणी सांगत नाही. रारामुरींचे तळवे आणि पोटऱ्या लहानपणापासून डोंगराला सरावलेल्या असतात. आपली मुलं बुटांत वाढलीत आणि आपल्या टेकडीवर फुटक्या बाटल्या, खिळे पडलेले असतात. शिवाय आपल्या आजोबा-पणजोबांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. पायात धड पायताण असणं ही आपल्यासाठी चैन नाही. मुलांना अभावाचं कौतुक सांगू नका.

बूट कुठे मरतो?

वरून चांगला दिसणारा बूट आतून मेलेला असू शकतो. तळाचं रबर आणि पाऊल यांच्यामध्ये फोमचा थर असतो. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि तेच धक्का झेलतात. पळून पळून ते दबतात आणि मग धक्का सरळ नडगीला, गुडघ्याला बसतो. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर फोम थकतो. आठवड्याला 40 किलोमीटर पळणाऱ्याचे बूट तीन ते पाच महिने टिकतात. आठ हजारांचा बूटही याला अपवाद नाही.

घरच्या घरी तपासा. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा, टाच एका बाजूला कलली आहे का? फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का? तळाच्या खाचा गुळगुळीत झाल्यात का? आमच्या वस्तीतली एक लेक असेच झिजलेले बूट घालून उतारावर घसरली. घोटा मोडला आणि त्या वर्षीची भरती हुकली. जुन्या बाजारातले बूट घेताना हे सगळं आधी पाहा.

घेताना आणि वापरताना

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं आदळून नखं काळी पडतात. हे बूट फक्त पळायला वापरा, कॉलेजला आणि लग्नाला नकोत.

आपल्याकडे बूट धुऊन पत्र्यावर उन्हात टाकतात. त्याने चिकटवलेला सोल सुटतो आणि फोम कडक होतो. साध्या पाण्याने ब्रशने धुवा, आतली गादी काढा, रद्दी पेपर कोंबून सावलीत वाळवा. जाळी थोडी फाटली की लगेच शिवून घ्या. कडेने सुटलेला सोलही शिवून मिळतो. मेलेला फोम मात्र कुणीच जिवंत करू शकत नाही.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे मोजे चांगले. बोटांना, मांड्यांना, काखेत व्हॅसलीन लावा. मुलींच्या स्पोर्ट्स ब्राचं इलॅस्टिक सैल झालं की ती बदला. हा खर्च आया टाळतात आणि मुली लाजून पळणंच सोडतात.

दवाखान्यात कधी?

फोडाची कातडी ओढून काढू नका. साबणाने धुऊन स्वच्छ पट्टी लावा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर दाखवा. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा, मालीश करू नका. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. गोळी खाऊन पळायचं नाही.

ताईंना मी सांगितलं, कर्ज काढू नका. खोल खाचांचे, पायाला नीट बसणारे साधे बूट दोन-तीन हजारांतही मिळतात. उरलेल्या पैशांत दोन जोड मोजे आणि रोजची अंडी, शेंगदाणे, डाळ येईल. आणि बुटाच्या आत पेनाने तारीख लिहायला सांगा. पोरगं किती पळालं आणि बूट कधी बदलायचे, दोन्हींचा हिशेब राहील.

काकांनाही एक विनंती केली. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन टेकडीच्या वाटेवरच्या काचा वेचू या. ते हो म्हणालेत.

नमो बुद्धाय, जयभीम.