आरामदायी मोटारसायकल कशी निवडावी?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर यांमार्गे लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 हा सुमारे 140 किलोमीटरचा टप्पा असून पुढे तोच औशावरून तुळजापूरकडे जातो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांकडे एकच मोटारसायकल असते. तिच्यावरच रोजचे शेत, बाजार आणि नोकरी सांभाळली जाते आणि तिच्यावरच माहूर, तुळजापूर किंवा खरोशाच्या लेण्यांपर्यंत डबलसीट प्रवास होतो. म्हणून गाडीचा आराम केवळ इंजिनाच्या आकारावरून जोखता येत नाही. स्वाराचे शरीर, नेहमीचा रस्ता आणि गाडीवरचे ओझे यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहावे लागते.

पहिली बाब बैठकीची. हँडल, सीट आणि पाय ठेवण्याचे फूटरेस्ट यांच्यातील अंतरांवर बैठक ठरते. हँडल खाली व पुढे असेल तर धड झुकते आणि भार मनगटांवर येतो. फूटरेस्ट फार पुढे असतील, जसे क्रूझर प्रकारात असतात, तर खड्डा येताच पायांवर भार घेऊन किंचित उठणे कठीण जाते व धक्का थेट कंबरेला बसतो. ताठ पाठ आणि गुडघ्यात सहज वाकलेले पाय असलेली बैठक शहर व महामार्ग या दोन्हींना मानवते.

दुसरी बाब उंची आणि वजनाची. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची 785 मिलिमीटर व वजन सुमारे 112 किलो आहे, तर क्लासिक 350 ची सीट 805 मिलिमीटरवर असून वजन सुमारे 195 किलो आहे. उंचीतला फरक दोन सेंटिमीटरचा असला तरी वजनातला फरक 80 किलोंच्या आसपास आहे. मोकळ्या महामार्गावर जड गाडी वाऱ्याने कमी हेलकावते. तीच गाडी लातूरच्या गंजगोलाईत, जिथे 16 रस्ते एकत्र येतात, पायांनी मागे-पुढे सरकवताना दमवते.

तिसरी बाब रस्त्याची. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरून गेलेले ग्रामीण रस्ते लवकर उंचसखल होतात. तेथे शॉकॲब्सॉर्बरची, म्हणजे धक्का पचवणाऱ्या स्प्रिंगयुक्त यंत्रणेची, परीक्षा होते. बऱ्याच गाड्यांत मागच्या स्प्रिंगचा ताण खाचांनी बदलता येतो. डबलसीट आणि सामान असताना तो वाढवला नाही, तर स्प्रिंग पूर्ण दबून गाडी आपटते. अतिशय मऊ सीटही फसवी असते, कारण तासाभरात तिचा फोम दबतो आणि बसण्याच्या हाडांवर ताण येतो. एकाच सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वर-खाली होण्याने कंपने निर्माण होतात व हात बधिर होतात. ती कमी करणारा समतोल दांडा असलेले इंजिन लांबच्या प्रवासाला अधिक सोयीचे ठरते.

आरामात निर्धास्तपणाही येतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची आहे. चिखलाने माखलेल्या डांबरी रस्त्यावर तिचे मोल कळते.

खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मागे बसणाऱ्या व्यक्तीकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 नुसार मागच्या स्वारासाठी पकडण्याची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे. मात्र सीटची लांबी व उतार प्रत्येक गाडीत निराळा असतो. म्हणून चाचणीफेरी एकट्याने न घेता, जी पत्नी, आई किंवा मुलगी नेहमी मागे बसणार आहे, तिला सोबत घेऊन खराब रस्त्यावरून घ्यावी आणि निवडीत तिचे मत समान मानावे.