मनी समोर आली की मोतीने काय करायचं?

सकाळी सातची वेळ. गॅसवर चहा उकळतोय. खिडकीत बसलेली मनी खाली उडी मारते आणि हॉल ओलांडून बेडरूमकडे पळते. चटईवर डुलक्या काढणारा मोती ताडकन उठतो, फरशीवर त्याची नखं खरखरतात, टीपॉयवरचा पेला खाली येतो. आतून कोणीतरी धावत येतं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी मोतीच्या पाठीत बसते. "कितीदा सांगायचं तुला!" मोती कान पाडून कोपऱ्यात जातो, मनी कपाटावर. संध्याकाळी पुन्हा तेच.

नावं बदलतील, पण कुत्रा आणि मांजर एकत्र पाळणाऱ्या घरांना हा प्रसंग ओळखीचा आहे. अशा वेळी मोतीला शिस्त लागली असं घरच्यांना वाटतं. पण मोती त्या दहा सेकंदांत नेमकं काय शिकला? कुत्रा एखाद्या कृतीचा आणि तिच्या परिणामाचा संबंध जोडतो तो एक-दोन सेकंदांच्या आत. पाठलागाची मजा त्याला आधीच मिळून गेलेली असते, मार बसतो नंतर. आणि मार बसताना त्याच्या नजरेसमोर असते मनी. त्यामुळे "पळू नको" हा धडा पोचतच नाही. पोचतो तो एवढाच की ही दिसली की दुखतं. अशी आठ-दहा वेळा उजळणी झाली की मनी दाराशी दिसताच मोती गुरगुरायला लागतो, आणि घरचे म्हणतात, बघा, याचं तिच्याशी वैरच आहे. ते वैर बरेचदा आपणच नकळत पढवलेलं असतं.

या माराच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: कुत्रा म्हणजे लांडग्याचाच वंश, कळपात एक म्होरक्या असतो, आणि घरात तो म्होरक्या माणूस आहे हे कुत्र्याला दाखवून द्यावं लागतं. स्विस अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 साली जे लिहिलं, त्यातून ही कल्पना पसरली. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या 1970च्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ती घरोघर नेली. पण बंदिस्त जागेत डांबलेली जनावरं आणि रानातला कळप यांत मोठं अंतर असतं. मेक यांनी पुढे कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे काढले. तिथे त्यांना दिसलं ते कुटुंब: आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयांची पिल्लं. मारामाऱ्या करून गादी मिळवणारा म्होरक्या दिसलाच नाही. 1999 साली त्यांनी ते शोधनिबंधात मांडलं आणि स्वतःच्याच जुन्या पुस्तकातली ही कल्पना कालबाह्य असल्याचं पुढची अनेक वर्षं सांगत राहिले. शास्त्रज्ञाने आपली चूक इतक्या उघडपणे दुरुस्त करावी ही मोठी गोष्ट आहे. पण दुरुस्ती अजून कित्येक घरांपर्यंत पोचलेली नाही. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो.

तो सल्ला धोक्याचाही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी, 2009 साली छापून आलेल्या अभ्यासात, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की घरी कोणकोणते उपाय केले आणि त्यावर कुत्रा कसा वागला. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचं सांगितलं. उताणं पाडून दाबणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं. आता याच घरात एक तीन-चार किलोचं मांजर आहे हे लक्षात घ्या. चिडलेला कुत्रा माणसाला चावायला कचरत असेल, तर त्या रागाची वाट कोणाकडे वळेल हे वेगळं सांगायला नको.

"पण त्याला चूक कळते हो, चेहराच सांगतो." कान मागे, नजर खाली, शेपूट पायांत. या 'अपराधी' चेहऱ्याची परीक्षा कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी घेतली. त्यांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. 14 कुत्रे, प्रत्येकासमोर एक खाऊ, मालकाची आज्ञा 'खायचा नाही', आणि मग मालक खोलीबाहेर. परत आल्यावर काही मालकांना खरं सांगितलं गेलं, काहींना खोटं. दिसलं असं की तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. खाऊला तोंडही न लावलेले कुत्रे रागावल्यावर उलट जास्तच अपराधी दिसले. म्हणजे तो चेहरा कबुलीजबाब नसून "रागावू नका" ही विनवणी आहे. ऑफिसातून घरी आल्यावर मांजराची उलटलेली वाटी दाखवून कुत्र्याला ओरडणं म्हणूनच पूर्ण वाया जातं. त्याला वाटीचा हिशेब लागत नाही, आपलं माणूस दारातून आलं की चिडलेलं असतं एवढंच कळतं.

गेल्या काही वर्षांत विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळू लागले आहेत. "पाठलागाची सवय दुसऱ्या कशाने जातच नाही" असं म्हणून ते विकले जातात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या, 2020 साली छापून आलेल्या अभ्यासात नेमका हाच दावा तपासला गेला. हाक मारल्यावर न येणारे, मेंढरांसारख्या जनावरांमागे धावणारे 63 कुत्रे तीन गटांत विभागले. एका गटाला झटक्याच्या पट्ट्याने शिकवलं, दुसऱ्याला त्याच धाटणीच्या प्रशिक्षकांनी पट्ट्याशिवाय, तिसऱ्याला बक्षिसावर भर देऊन. झटक्याच्या गटाची प्रगती सरस ठरली नाही, उलट बक्षिसाच्या गटातले कुत्रे आज्ञा जास्त तत्परतेने पाळू लागले. वेल्समध्ये 2010पासून या पट्ट्यांवर बंदी आहे. आपल्याकडेही जनावराला विनाकारण वेदना होतील असं मारणं आणि आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. "मांजरामागे लागतो म्हणून दिवसभर बाल्कनीत बांधतो" हे त्यातच मोडू शकतं. शिवाय दिवसभर बांधलेल्या कुत्र्याची साठलेली सगळी ताकद सुटल्या सुटल्या पहिल्या हलत्या वस्तूवर निघते.

कुत्र्या-मांजराचं वैर जन्मजात असतं, हा गैरसमज तर भाषेतच मुरला आहे. भावंडं भांडली की आपण तीच उपमा देतो. तेल अवीव विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास केला, तो 2008 साली छापून आला. बहुतेक घरांत दोघांचं बरं चाललं होतं. मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रा वर्षाच्या आतला असताना भेट झाली असेल तर मैत्रीची शक्यता अधिक होती. याचं कारण वयात आहे. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि मांजराचं पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत, भोवतालचे कोण आपले हे मनात नोंदवत असतं. त्या दिवसांत दिसलेला प्राणी पुढे सहसा परका वाटत नाही.

मात्र जातीचा आणि स्वभावाचा भाग आहेच. सोलापूर-लातूरकडचा कारवानी घ्या. सशामागे धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या जोपासलेला हा कुत्रा. कर्नाटकातला मुधोळही त्याच वळणाचा. पळणारी छोटी आकृती दिसली की त्याचे पाय मेंदूच्या आधी निघतात. त्यात द्वेष नसतो, तो माजलेलाही नसतो. म्हणून अशा घरात खरी शिस्त म्हणजे पाठलागाची संधीच मिळू न देणं. प्रत्येक पाठलाग हे त्याच्यासाठी स्वतःच एक बक्षीस आहे, आणि ज्या कामाला बक्षीस मिळतं ते काम वाढतं.

मग करायचं काय? पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहायचंच नाही. मांजर एका खोलीत, आणि तिच्या अंगाखालचं जुनं फडकं कुत्र्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ. कुत्र्याचं फडकं मांजराच्या खोलीत. वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर. पुढे दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावावं, कुत्र्याच्या गळ्यात किंवा छातीला पट्टा, आणि दोघांत भरपूर अंतर. किती? याचं उत्तर कुत्राच देतो. हातात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे घ्या, कांदा-लसूण-मसाला नसलेले, कारण कांदा-लसूण दोघांनाही विषारी आहे. मांजर दिसतंय आणि तरी कुत्रा तुकडा खातोय, तर अंतर बरोबर. तुकडा नाकाशी नेला तरी तो बघत नाही, तर फार जवळ आलात, चार पावलं मागे या.

इथे बारकाईने पाहण्यासारखं एक दृश्य असतं. मोतीचं तोंड मिटतं, कान पुढे होतात, वजन पुढच्या पायांवर येतं, श्वास क्षणभर थांबतो. या क्षणाच्या आधी, त्याने मनीकडे नुसतं पाहिलं की लगेच, तुकडा द्यायचा. पाहिलं, तुकडा. पाहिलं, तुकडा. पाच मिनिटं पुरे. दिवसातून दोन-तीनदा, आठवडाभर किंवा महिनाभर. एके दिवशी मनी फाटकापलीकडून जाते आणि मोती तिच्याकडे बघून मान वळवतो, सरळ तुमच्या तोंडाकडे पाहतो: आली ना, मग माझा तुकडा कुठे? मान वळण्याचा तो क्षण म्हणजे शिस्त लागायला सुरुवात झाल्याची खूण. त्यानंतर 'बस', 'थांब', 'जागेवर' या आज्ञा मनीच्या उपस्थितीत पक्क्या करायच्या. आधी मनी नसताना, मग ती लांब असताना, मग जवळ. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरावा. आजोबा "चल जागेवर" म्हणतात, नात "प्लेस" म्हणते आणि आई "हट्" म्हणते, अशाने कुत्रा गोंधळतो.

"ही तर लाच झाली, खाऊ संपला की तो ऐकणार नाही." सुरुवातीला दर वेळी आणि सवय रुजल्यावर अधूनमधून दिलेलं बक्षीस सवय टिकवून धरतं, हे प्राण्यांच्या शिक्षणातलं जुनं, पुन्हा पुन्हा पडताळलेलं तत्त्व आहे. लाच आधी दाखवतात, बक्षीस काम झाल्यावर मिळतं. तुकडा मुठीत राहिला पाहिजे, समोर नाचवायचा नाही. वजन वाढेल अशी भीती असेल तर त्याच्या रोजच्या जेवणातलाच वाटा या कामासाठी काढून ठेवावा.

दोघांची देहबोली वाचताना फार गफलत होते. "शेपूट हलवतोय, खेळायचंय त्याला" असं म्हणून लोक पट्टा सोडून देतात. इटलीतल्या संशोधकांनी, 2007 साली छापून आलेल्या अभ्यासात, 30 कुत्र्यांच्या शेपटांची हालचाल व्हिडिओवर मोजली. आपला मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकत होतं, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. म्हणजे शेपूट हलणं हे मन उत्तेजित झाल्याचं लक्षण आहे, मन आनंदीच असेल असं नाही. अंग सैल, पुढचे पाय टेकलेले, पार्श्वभाग वर, अशा पवित्र्यात खेळाचं आमंत्रण असतं. अंग ताठ, नजर खिळलेली आणि शेपूट उंच थरथरतंय, तर पट्टा सोडू नये. मांजराचं तर गणितच उलटं. तिचं शेपूट सपसप आपटायला लागलं की ती वैतागली आहे.

आणि मांजर गप्प आहे म्हणजे जुळलं, असं समजणं हा माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. मांजर भीती ओरडून सांगत नाही. ती पलंगाखाली तासन् तास बसते, खाणं कमी करते, लिटरच्या ट्रेऐवजी गादीवर लघवी करते, आणि घरचे तिलाच रागावतात. ताणामुळे मांजरांना मूत्राशयाचा दाह होऊ शकतो. बोक्यांमध्ये त्यातून मूत्रमार्ग अडू शकतो, आणि बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय पण लघवी होत नाहीये, तर त्याला ताबडतोब व्हेटकडे न्यावं लागतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचं, विशेषतः जाडजूड मांजराचं, यकृत बिघडू शकतं. म्हणून कुत्र्याच्या शिस्तीइतकीच मांजराची सुटकेची वाट महत्त्वाची. कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी, फाटकाखालून मांजरच जाईल एवढी फट. तिचं खाणं उंचावर, आणि ट्रे कुत्रा पोचणार नाही तिथे. कुत्रे ट्रेमधली घाण खातात ती मुद्दाम खोड काढायला नव्हे. मांजराच्या आहारात प्रथिनं भरपूर असतात, त्याचा वास त्यांना ओढतो. ओरडण्यापेक्षा ट्रेची जागा बदलणं सोपं, आणि दोघांची जंताची औषधं वेळच्या वेळी हवीत.

गुरगुरण्यावर शिक्षा करणं, हेही टाळायलाच हवं. गुरगुर ही कुत्र्याची सूचना आहे: याच्या पुढे येऊ नका. ती दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा येऊ शकतो. गुरगुरला की मांजराला शांतपणे बाजूला करा, अंतर वाढवा, आणि कशावरून गुरगुरला ते पाहा. ताटली, हाडूक, सोफ्यावरची जागा, कारण बहुधा समोरच सापडतं. काही कुत्रे सगळं करूनही मांजरासोबत एकटे ठेवण्याजोगे होत नाहीत. त्यात ना त्यांचा दोष, ना घरच्यांचा. बाजारात जाताना बेडरूमची कडी लावून जायची, इतकंच.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, ही म्हण शिकवण्याच्या बाबतीत खरी ठरत नाही. सात-आठ वर्षांचे कुत्रेही वरच्या पद्धतीने शिकतात, वेळ थोडा जास्त लागतो. पण म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल एक निराळी गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षं मांजराशेजारी झोपणारा कुत्रा एकाएकी तिच्यावर गुरगुरायला लागला, तर शिस्तीचा विचार नंतर. कंबरेचा सांधा, दात, कान, अंधूक झालेली नजर यांतलं काहीतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा काहीच दाखवत नाही, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यावा: तो झोपेतून उठताना, पायऱ्या चढताना, आणि मनी त्याच्या कुशीला टेकायला येते तेव्हाचा.